सदतिसाव्या टिपेची दुरुस्ती

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी दर रविवारी उपासना संपल्यावर एक टीप टाकायचो. मोबाईल नाहीतर कॉम्प्युटर, विषय एकच आणि आठ ओळींच्या आत. फोन रात्रभर चार्जिंगला लावावा की नाही. पासवर्ड म्हणून मुलाची जन्मतारीख का ठेवू नये. बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचं काय करायचं. एखाद्या कंपनीने जुन्या प्रणालीला सुरक्षा देणं बंद केल्याची बातमी आली, की आपल्या घरच्या मशीनवर त्याचा काय परिणाम होणार ते साध्या मराठीत. प्रत्येक टिपेला क्रमांक. अशा एकाहत्तर टिपा झाल्या. पुढची झाली नाही. लोक विचारतात, तेव्हा वेळ मिळत नाही असं मी सांगतो. हे खरं नाही. वेळ आहे.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तयार भाग मोजायचे आणि मापात बसला तर पास, नाहीतर बाजूला. तीस वर्षं हेच काम केल्यामुळे मला अंदाजाने बोलणं जमत नाही. घरातसुद्धा बायको म्हणते, "तुम्हाला चहा कसा झालाय विचारलं तर थर्मामीटर मागाल." टिपांबद्दलही तिचं मत फार चांगलं नव्हतं. "अहो, तुमच्या टिपा वाचून अर्धी मंडळी फोन बंद-चालू करत बसते, आणि मग नीट चाललेला फोन बिघडला म्हणून आपल्याच दारात येते." यात तथ्य होतं. सावेडीतल्या आमच्या घरी रविवारी दुपारी दोन-तीन माणसं हातात फोन घेऊन बसलेली असायची. पण मला ते आवडायचं, हेही नोंदवून ठेवतो. लोक मला सर म्हणायला लागले होते. तपासणी विभागात कोणी सर म्हणत नाही.

सदतिसावी टीप गायनवृंदाच्या यादीवरून निघाली. यादीत डावीकडे अनुक्रमांक, एक ते अठ्ठावीस, आणि उजवीकडे नावं. नावं अकारविल्हे लावायची होती. गायनवृंदाच्या प्रमुखांनी ती लावली तेव्हा नावांबरोबर अनुक्रमांकही हलले, आणि यादी सतरा, चार, बावीस अशी सुरू झाली. ते वैतागून माझ्याकडे आले. मी त्यांना दाखवलं, आणि रविवारी सगळ्यांसाठी लिहिलं:

"एक्सेलमध्ये फक्त नावांचा रकाना निवडून सॉर्ट करा. एक चौकट येईल. शेजारच्या रकान्यातही माहिती आहे, तीही बरोबर हलवायची का, असं ती विचारते. पहिला पर्याय सगळं बरोबर हलवण्याचा. तो घेऊ नका. दुसरा पर्याय घ्या. नावं लागतील आणि क्रमांक जागच्या जागी राहतील."

सहा ओळी. त्या यादीपुरत्या अगदी बरोबर. 'त्या यादीपुरत्या' हे शब्द मात्र टिपेत नव्हते.

आता कबरस्थानाच्या नोंदवहीबद्दल सांगतो. आमचं कबरस्थान जुनं आहे. ज्यांच्या घरच्यांना जमलं त्यांनी कबरीवर दगड बसवला, नाव कोरलं. बाकीच्यांना लाकडी क्रूस, जो पाच-सहा पावसाळ्यांत वाळवी खाते, आणि पायथ्याशी सिमेंटचा एक ठोकळा. ठोकळ्यावर फक्त आकडा. आकडा कोणाचा, ते नोंदवहीत. नोंदवहीला दोनच रकाने होते, कबरीचा क्रमांक आणि नाव. मरणाची तारीख पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पाद्रींच्या, दफनाच्या वहीत, पण तिथे कबरीचा क्रमांक नाही. म्हणजे ठोकळा आणि माणूस यांना जोडणारी गोष्ट जगात एकच, ती नोंदवही.

ती वही वाळवीने धरली होती. पानं उलगडताना तुकडे पडत होते. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीने काम माझ्याकडे आणि बाईंकडे दिलं. बाई म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मंडळीचं कार्यालय त्या बिनपगारी सांभाळायच्या. सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं, कारण निम्म्या गावाला त्यांनी शिकवलंय. एक पान एकदाच उलगडायचं, बाईंनी भिंगातून वाचायचं, मी टाइप करायचं, मग बाईंनी पडद्यावरून मोठ्याने परत वाचायचं, असं ठरवलं. अकरा शनिवार गेले. चारशे बारा नावं झाली. एकही चूक नव्हती, हे मी आजही सांगू शकतो.

मग वहीचं काय करायचं, असं कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं. वाळवी शेजारच्या पवित्र शास्त्रांच्या कपाटात जाईल अशी त्यांना भीती होती. मी म्हणालो, "आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. दोन प्रती आहेत, एक ऑनलाइन, एक पेनड्राइव्हवर. कागदाचं काम संपलं." वही आवारातच जाळली. मी तिथे उभा होतो.

हे सगळं ऑक्टोबरपर्यंतचं. पुढचं मार्चमधलं, ईस्टरला तीन आठवडे होते तेव्हाचं.

शनिवारी सकाळी बाईंचा फोन आला. "जरा कबरस्थानात याल का? नंबर सापडलाय, पण पटत नाही."

मी स्कूटरवरून गेलो. फाटकाशी एक टेम्पो उभा होता, मागे गोणपाटात गुंडाळलेली संगमरवरी फरशी. टेम्पोवाला पन्नाशीचा, त्याचाच टेम्पो. बरोबर त्याची आई, ऐंशीच्या आसपासची, एका हातात काठी, दुसरा हात मुलाच्या खांद्यावर. घोडेगावहून आले होते. नवरा इथे शहरात एका वसतिगृहात आचारी होता. अडतीस वर्षांपूर्वी वारला, इथेच माती दिली, आणि ही पोराला घेऊन माहेरी घोडेगावला गेली. पुढची बरीच वर्षं दरसाल येऊन कबरीला चुना लावायची. मग गुडघे गेले. बारा वर्षांत आली नव्हती. आता डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं होतं, आणि तिने दोन गोष्टी ठरवल्या होत्या. नवऱ्याच्या कबरीवर नावाची फरशी बसवायची आणि स्वतःची वेळ आली की त्याच कबरीत जायचं. आमच्यात तशी रीत आहे. पुरेशी वर्षं झाली असली की नवऱ्याच्या कबरीत बायकोला जागा देतात. फरशीवर दोन नावं कोरून आणली होती. तिच्या नावाखालची जागा रिकामी ठेवली होती.

बाईंच्या हातात कागद होता, त्यावर दोनशे सतरा. आम्ही दोनशे सतराच्या ठोकळ्याशी उभे होतो. माळी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बाई, हितं मोठा मानूस कसा मावंल? ही लेकरांची ओळ हाय."

खरंच होतं. दोनशे एकपासून दोनशे चाळीसपर्यंत लहान मुलांच्या कबरी. दीड-दोन हात लांबीच्या.

म्हातारी म्हणाली, "आमचे मालक दारातनं वाकून यायचे."

"आई, नीट आठव," मुलगा म्हणाला. "कुठल्या अंगाला हुतं?"

"लिंबाचं झाड हुतं. झाडापासून सात पावलं. झाड कुठंय?"

माळ्याने सांगितलं, कमिटीने दोन वर्षांपूर्वी जेसीबी लावून वेड्या बाभळी काढल्या, तेव्हा वाळलेली दोन-तीन झाडंही गेली. मातीचे उंचवटेही बरेचसे सपाट झाले. ठोकळे तेवढे माळ्याने जपले.

"मग मला काय आठवायचं?" म्हातारी मुलावर खेकसली. "मी काय नंबर ध्येनात ठेवून आल्ते व्हय? नंबर ह्यांच्याकडं हाय. ह्यांला इचार."

मी म्हणालो, "मावशी, टायपिंगची काहीतरी चूक असेल. बघून सांगतो. आठ दिवस द्या."

"आठ दिस घ्या की. अडतीस वर्सं तो कुठं गेला न्हाई."

फरशी माळ्याच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ते परत गेले.

कार्यालयात जाऊन मी यादी उघडली. एका नजरेत कळलं. पहिलं नाव 'अ'ने सुरू होणारं, शेवटचं 'ह'चं, आणि डावीकडे एक ते चारशे बारा, सरळ ओळीत. जुन्या वहीत असं नव्हतं. माणसं अकारविल्हे मरत नाहीत.

"बाई, तुम्ही ही यादी सॉर्ट केली होती का?"

"हो, नोव्हेंबरात. मृतांच्या रविवारी लोक आपापल्या माणसांच्या कबरी विचारायला येतात, नाव शोधायला वेळ लागायचा. म्हणून हजेरीपटासारखी लावून घेतली." मग त्यांनी पर्समधून एक लांबट डायरी काढली. त्यात माझ्या सगळ्या टिपा होत्या, त्यांच्या वळणदार अक्षरात, तारखेसह, क्रमांकासह, महत्त्वाच्या शब्दांखाली लाल रेघ. त्यांनी सदतिसावी काढून माझ्यापुढे धरली. 'दुसरा पर्याय'च्या खाली दोन रेघा होत्या. "ही बघा. चौकट आली, मी दुसरा पर्याय घेतला. क्रमांक जागच्या जागी राहिले. मग काय चुकलं?"

हजेरीपटात नावापुढचा आकडा पानाचा असतो, माणसाचा नसतो. नवीन मूल आलं की नाव मध्ये घुसतं, पुढच्या सगळ्यांचे आकडे सरकतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. कबरीचा आकडा मात्र त्या एकाच माणसाचा असतो. चौतीस वर्षं बाईंनी असे पट लिहिले. त्यांनी माझी टीप इतकी नेमकी पाळली की माझ्या विभागात मी तिला पासचा शिक्का मारला असता.

मी त्यांना समजावून सांगितलं. निम्म्यावर आलो तेव्हाच त्यांना कळलं होतं. त्या म्हणाल्या, "नोव्हेंबरपासून तिघांना मी नंबर दिलेत. फुलं घेऊन आले होते." मग डायरी मिटून पर्समध्ये ठेवली.

प्रतींचं सांगायला हवं, कारण प्रतींबद्दल मी स्वतः चार टिपा लिहिल्या होत्या. पेनड्राइव्हवरची प्रत दर शनिवारी नव्याने उतरवायची, जुनी पुसून, असा नियम मी घालून दिला होता. बाईंनी तो एकदाही चुकवला नाही. म्हणजे नोव्हेंबरपासून सुमारे वीस शनिवार त्यांनी चुकीची काळजीपूर्वक प्रत काढली. ऑनलाइन साठ्यात फाइलची जुनी रूपं राहतात, पण आमच्या खात्यावर तीसच दिवस. तिसरी प्रत माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये होती. जानेवारीत, जुन्या प्रणालीला सुरक्षा मिळणार नाही म्हणून, मी नवा घेतला आणि जुना एका शाळेला दिला. देण्याआधी त्यातली माहिती कोणालाही परत मिळवता येणार नाही अशी पुसली. कशी पुसायची याची टीप बासष्टावी. मी शाळेतून तो लॅपटॉप परत मागून आणला, दुकानात नेला. दुकानदाराने दोन दिवस खटपट केली आणि कौतुकाने म्हणाला, "ज्याने पुसलंय त्याने एकदम पक्कं काम केलंय."

रविवारी उपासनेनंतर पंच कमिटीची बैठक झाली. मीही होतो. अध्यक्षांनी बाईंकडे न बघता सुरुवात केली. "कॉम्प्युटर म्हणजे खडू-फळा नव्हे. येत नसेल तर हात लावू नये, हा पहिला नियम."

दुसरे एक सभासद म्हणाले, "वय झालं की माणसाने थांबावं."

बाई म्हणाल्या, "माझ्या हातून झालं." एवढंच. पर्स त्यांच्या मांडीवर होती आणि पर्समध्ये डायरी होती. मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. मी बोललोसुद्धा. "बॅकअपचं बघतो," असं म्हणालो. हे शब्द मला नीट आठवतात, कारण त्या बैठकीत मी दुसरं काही बोललो नाही.

कमिटीने दोन ठराव केले. कार्यालयाचं काम दुसऱ्या माणसाकडे द्यायचं, आणि यादीत चूक आहे ही गोष्ट मंडळीत जाहीर करायची नाही. "उगाच गोंधळ. ज्याला विचारायचंय तो येईल, तेव्हा बघू."

मग मी मोजायला लागलो. मला दुसरं काही येत नाही. सहा सकाळी मी माळ्याला घेऊन सगळं कबरस्थान फिरलो. एकशे त्रेसष्ट कबरींवर वाचता येणारे दगड निघाले. ठोकळ्याचा नंबर आणि दगडावरचं नाव-तारीख असं जोडून मी नवी यादी केली. लेकरांची ओळ सोडली तर क्रमांक साधारण मरणाच्या क्रमाने दिलेले होते. साधारण हा शब्द मला आवडत नाही, पण तेवढाच हाती होता. मावशीच्या नवऱ्याच्या मरणाची तारीख पाळकसाहेबांच्या वहीत मिळाली. त्याच्या आधीचा एक दगड आणि नंतरचा एक दगड, यांच्यामध्ये बिनदगडाच्या बारा कबरी. त्यातल्या तिघांच्या घरचे लोक शहरात होते, ते येऊन आपली कबर ओळखून गेले. काय झालंय हे मी त्यांना सांगितलं नाही. रंगाचं काम काढलंय, असं सांगितलं. बारातून तीन गेल्या. नऊ उरल्या.

नवाच्या खाली मला जाता आलं नाही. लिंबाचं झाड शोधायला मी उपग्रहाचे जुने फोटो उघडले. वर्षांमागे सरकत गेलं की एका जुन्या फोटोत त्या भागात दोन काळे ठिपके दिसतात. दोन झाडं. लिंबाचं कोणतं ते वरून कळत नाही. दोन्हींपासून सात पावलं धरून वर्तुळं काढली. चाळिशीतल्या बाईचं पाऊल किती, याचा हिशेब करत बसलो. एका वर्तुळात नवातल्या चार कबरी आल्या, दुसऱ्यात पाच. बायको मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाईंच्या घरी कधी जाणार आहात?"

मी आधी घोडेगावला गेलो. शुक्रवार होता, बाजाराचा दिवस. म्हशींनी भरलेल्या टेम्पोंमागे तासभर अडकलो. मावशी दारात खाटेवर बसली होती. पायांना सूज होती. मुलगा बाजारात भाडं मारायला गेला होता. सुनेने चहा दिला. मी मावशीला कागद काढून दाखवला, आकृती, दोन दगड, मधल्या नऊ चौकटी. किती कमी केल्या ते सांगितलं. चारशे बारातून नऊ. मला वाटतं, माझ्या आवाजात थोडा अभिमान होता.

तिने कागद हातात घेतला नाही. "म्हंजी सापडला न्हाई."

"मावशी, नवातली एक नक्की."

"तुमी नऊ म्हनता. मला एक पायजे."

मी मग सुचवलं, की नवांपैकी मधल्या कबरीशी फरशी बसवू, म्हणजे कुठूनही जवळ.

"आन मी? मला बी मधल्यातच घालनार?" ती हसली, पण चांगलं हसली नाही. "नवातला एक माजा, मंग आठ कुनाचे? आयुष्यभर परक्या मान्साच्या शेजारी बसले न्हाई मी. मेल्यावर बसवता व्हय?"

सून म्हणाली, "आत्याबाई, ते मुद्दाम आलेत येवढ्या लांबून."

"मुद्दाम आलेत म्हनून च्या दिला की." मग माझ्याकडे वळून, जरा मऊ आवाजात, "कुनी केलं वं हे? त्या बाईनं?"

"नाही," मी म्हणालो. "बाईंना मी शिकवलं तसं त्यांनी केलं. माझं आहे."

पहिल्यांदा मी हे कोणासमोर तरी बोललो, आणि जिथे बोलायला हवं होतं तिथून पस्तीस किलोमीटरवर.

ती म्हणाली, "मानूस मेला तवा बी इतका न्हवता गेला."

निघताना तिने सांगितलं, फरशी परत आणू नका, तिच्याकडे बघवणार नाही.

परत आल्यावर मी बाईंकडे गेलो. त्यांनी बसा म्हटलं, पाणी दिलं. मी घोडेगावचं सगळं सांगितलं, आणि बैठकीतल्या गप्प बसण्याबद्दल माफी मागितली. बाई म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसलात याचं मला एवढं नाही. माणूस घाबरतो. पण वयामुळे मला कळेनासं झालंय, असं तीन आठवडे घरचे मला म्हणत होते आणि मीही मानायला लागले होते. चूक तुमच्या टिपेत आहे हे तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं होतं ना? मग ते मला का नाही सांगितलंत? दुसऱ्यांना नका सांगू. मला."

 

त्या रविवारी मी ग्रुपवर टाकलं: "टीप क्रमांक ३७ मध्ये गंभीर चूक होती. शेजारच्या रकान्यातला आकडा त्या नावाचाच असेल, तर दुसरा पर्याय कधीही घेऊ नये. नावं आणि आकडे कायमचे तुटतात. कबरस्थानाच्या यादीचं नुकसान या टिपेमुळे झालं आहे. बाईंनी टीप जशीच्या तशी पाळली. दोष पूर्णपणे माझा आहे. यादीतल्या क्रमांकांवर कोणीही विसंबू नये."

तासाभरात तेवीस अंगठे आले. "खूप उपयुक्त माहिती, सर." "धन्यवाद, सेव्ह करून ठेवलं." हात जोडलेली चित्रं आली. एकाने विचारलं, "सर, माझा फोन चार्ज होताना गरम होतो, काय करू?" दुपारी अध्यक्षांचा फोन आला. ठराव माहीत असून मी हे का लिहिलं, असं त्यांनी विचारलं, आणि ग्रुपच्या प्रमुखाला सांगून मजकूर काढायला लावला. तो काढला गेला, तेव्हाही कोणी काही विचारलं नाही. इतक्या दिवसांत माझ्या टिपा कोण वाचत होतं, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. एक माणूस वाचत होतं, लाल रेघा मारून.

मावशी ऑगस्टमध्ये गेली. मुलाने कळवलं. माती घोडेगावलाच दिली, गावाबाहेरच्या आमच्या लोकांच्या छोट्या जागेत, कालव्याच्या कडेला. बाई माझ्या स्कूटरवर मागे बसून आल्या होत्या.  प्रार्थना झाली, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. पुरुषांनी खोऱ्याने उरलेली ओढली. मावशीच्या एका बाजूला तिची आई होती, दुसऱ्या बाजूला जमीन रिकामी होती. सुनेने बाईंना सांगितलं, शेवटच्या दिवसांत ती नवऱ्याला शिव्या द्यायची. येवढा उंच मानूस, आन सापडत न्हाई म्हंजी काय, म्हणून.

मुलगा मला फाटकापर्यंत सोडायला आला. "सर, एक काम करा. तुमच्या यादीत आमच्या आबांचं नाव हाय, त्याच्या म्होरं जो नंबर हाय, तो काढा. तिथं कुनाचं तरी लेकरू हाय. त्याच्या आईबापाला कवा कळलं तर काय वाटंल?"

मी काढला. कार्यालयात आता एक तरुण गृहस्थ बसतात, कॉम्प्युटर शिकलेले. त्यांच्या समोर मी तो एक आकडा पुसला, फाइल जतन केली, पेनड्राइव्हवर उतरवली. बाकीचेही आकडे पुसू द्या, असं मी कमिटीला दोनदा लेखी दिलं. यादी रिकामी दिसेल आणि लोक विचारतील, असं उत्तर आलं. माझी एकशे त्रेसष्ट दगडांची नवी यादी त्यांनी ठेवून घेतली, पण तिचा उपयोग नाही. ज्यांच्या कबरीला दगड आहे ते विचारायला येतच नाहीत. येतात ते दुसरे. त्यांना ते गृहस्थ जुन्या यादीत नाव शोधून देतात, अकारविल्हे असल्याने लगेच सापडतं, आणि नंबर चिठ्ठीवर लिहून देतात.